खिडकीच्या गजाला लावलेली तार

सुमतीबाईंनी माझी तार चिमट्यानं उचलली.

हातानं नाही. चिमट्यानं. आमच्या टेबलावर पातळ चकचकीत कागद उचलायला प्लास्टिकचे चिमटे असायचे, त्यातलाच एक. सगळ्या बायकांनी लावली होती तशी मीही माझी तार तांब्याच्या पट्टीला लावून कामाला बसले होते. बाई आमच्या सुपरवायझर. त्या आल्या. चिमट्यानं तारेचं टोक पकडलं, पट्टीवरून सोडवलं आणि मागच्या खिडकीच्या गजाला नेऊन अडकवलं. घरातली पाल उचलून टाकतात तसं. मग तो चिमटा त्यांनी वेगळा काढून ठेवला. दिवसभर त्याला कुणी हात लावला नाही.

"आज मार्गशीर्षातला गुरुवार आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या सगळ्यांचे उपास आहेत. तू आपली इथं लाव. लोखंडच आहे ते, काय फरक पडतो?"

तारेचं दुसरं टोक माझ्या मनगटाला होतं. ते त्यांना दिसत होतं. तरी त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, तारेशीच बोलत होत्या.

ही ऐंशी सालच्या पुढची गोष्ट. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एक छोटी कंपनी होती. नाव सांगत नाही, नावानं काय होणार. बाहेर पत्र्याची शेड, आत एक बंद खोली. त्या खोलीत चप्पल चालत नसे. पांढरा ॲप्रन, डोक्याला टोपी, हातात बांगडी नाही, अंगात नायलॉनची साडी नाही. तिथं आम्ही उपग्रहाची गोधडी शिवायचो. हसू नका. खरंच गोधडीच. आरशासारखा चमकणारा पातळ कागद, मध्ये मच्छरदाणीसारखी जाळी, पुन्हा कागद, पुन्हा जाळी, असे थरावर थर. वर आभाळात ऊन लागलं की भाजून निघतं आणि सावलीत गेलं की गोठतं, म्हणून उपग्रहाला ही गोधडी. मला कामावर घेताना मालकांनी विचारलं होतं, "गोधडी शिवता येते का?" दापोडीच्या आमच्या गल्लीत कुठल्या पोरीला येत नाही? मी मॅट्रिक पास आहे हे सांगायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, ते असू दे, बोटं दाखव.

बोटं चांगली होती माझी. मला कोपऱ्याचं काम दिलं. गोधडीच्या कोपऱ्यात एक बारीक धातूची पट्टी घालायची. पहिल्या थरावरून दुसऱ्याखाली, दुसऱ्यावरून तिसऱ्याखाली, वेणी घालतात तशी सगळ्या थरांतून फिरवायची आणि वरून रिव्हेट ठोकायचा. का घालायची, ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं.

मनगटाचा पट्टा मात्र समजावून दिला होता. तो कागद हातानं घासला की अंगात करंट साठतो. थंडीत जास्त, हवा कोरडी असते ना. तो करंट बोटातून कुठं उडाला तर नाजूक वस्तू जळते. म्हणून मनगटाला पट्टा, पट्ट्याला तार, तार टेबलावरच्या तांब्याच्या पट्टीला, आणि ती पट्टी बाहेर अंगणातल्या खड्ड्यात. खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरलेला. वॉचमन रोज सकाळी त्यात बादलीभर पाणी ओतायचा. आमच्या सगळ्यांच्या अंगातला करंट त्या एका खड्ड्यात जायचा. सुमतीबाईंचा, शकूचा, माझा. खाली माती काही विचारत नव्हती.

बाईंना ते खपलं नाही. दिवसभर उपाशी राहायचं, संध्याकाळी देवीपुढं बसायचं, आणि मधले आठ तास माझ्याशी एका तांब्याला जोडलेलं असायचं. त्यांनी म्हणे कुणाला तरी विचारलं होतं. काय विचारलं असेल? तारेतून विटाळ जातो का, असंच ना? आणि कुणी तरी हो म्हणालं असणार.

मी शकूकडे बघितलं.

शकू म्हणजे शकुंतला. भोसरी गावठाणातली, शेतकऱ्याची पोर. तिच्या घरची जमीन कंपन्यांत गेली, म्हणून ती कामाला आली. ती माझ्या डाव्या हाताला बसायची. पहिल्याच आठवड्यात तिनं माझा डबा उघडला, बोंबलाची चटणी बघितली आणि न विचारता बोट घातलं. "आयला, झ्याक झालीय," म्हणाली. त्या दिवसापासून आम्ही एकाच डब्यात जेवायचो. शेडच्या मागं, पाण्याच्या टाकीआड. ती भाकरी आणायची, मी कोरड्यास आणायचे. असं कुणी माझ्याबरोबर याआधी जेवलं नव्हतं. शाळेत नाही, कुठंच नाही. मला वाटलं होतं, चला, आपलं एक माणूस झालं.

त्या गुरुवारी शकूनं मान वर केली नाही. सुई घालत राहिली.

जेवणाच्या सुट्टीत ती टाकीआड आली. उपास होता, तरी आली. म्हणाली, "मनावर घिऊ नगस गं. बाईंचं डोस्कं तसलंच हाय. चार गुरवार तर हायेत. ऱ्हा की तेवढं."

मी ऐकलं. बाईंसाठी नाही, शकूसाठी ऐकलं. शुक्रवारी तार पुन्हा पट्टीवर लावली, कुणी काही बोललं नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा खिडकी. मार्गशीर्ष संपला. मग संकष्टी आली. मग एकादशी. मग कुणाचा शनिवार, कुणाचा सोमवार. उपास संपतात होय कुणाचे? बाईंनी खिडकीच्या गजाला एक हूकच बसवून घेतला. संक्रांतीनंतर कुठला वार आहे हे बघायचंही कारण राहिलं नाही. ती माझीच जागा झाली. टेबल एक, पट्टी एक, आणि माझी तेवढी तार पाठीमागून लांब जाऊन खिडकीला. दावणीला बांधलेल्या म्हशीसारखी मी दिसायचे.

खिडकीची चौकट लाकडाची होती. गज त्या लाकडात ठोकलेले. जमिनीशी त्यांचा काही संबंध नव्हता. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बाईंनाही माहीत नव्हतं. लोखंड म्हणजे लोखंड.

मग तो दिवस आला. अंतराळ केंद्रातून एक छोटी काळी डबी आली होती. तिच्यात नाजूक सर्किट होतं, आणि तिच्यावर गोधडीचा तुकडा नीट बसतो का ते बघायचं होतं. कोपरा माझा. मी सकाळपासून कागद सरळ करत होते, घासत होते. तुकडा डबीवर ठेवला आणि बोट टेकवलं. चट् झालं. निळा ठिपका दिसला आणि बोटाला चावल्यासारखं झालं. मी हात मागं घेतला. शकूनं ते पाहिलं. "काय गं?" म्हणाली. मी म्हटलं, काही नाही.

दुपारी डबी तपासली. मेली होती.

दोन दिवसांनी केंद्रातले साहेब आले. दक्षिणेकडचे, तोडकं हिंदी बोलणारे. मला वाटलं ओरडतील. ते ओरडले नाहीत. आम्हा सगळ्यांना टेबलाभोवती उभं केलं आणि आमची गोधडी हातात धरून, ती वर कशासाठी असते ते सांगू लागले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी आम्हाला ते सांगत होतं. त्यांचं मी माझ्या भाषेत सांगते.

वर आभाळ रिकामं नसतं. सूर्याकडून बारीक बारीक कण सुटलेले असतात, डोळ्याला न दिसणारे, प्रत्येकाच्या अंगात करंट. सूर्य बिथरला की ते लोंढ्यानं येतात. ते उपग्रहाच्या कातडीवर आदळतात आणि तिथंच बसतात, कारण हा कागद लोखंडासारखा नाही, त्यातून करंट पुढं सरकत नाही. ज्या अंगाला ऊन आहे तिथला भार उन्हामुळं थोडा उडून जातो. ज्या अंगाला सावली आहे तिथं नुसता साठत जातो. वर मीठ-कोळशाचा खड्डा नाही. तार सोडायला जमीन नाही. मग करायचं काय? तर सगळं एकमेकांना जोडायचं. प्रत्येक थर, प्रत्येक कोपरा, प्रत्येक खिळा.

साहेबांनी कोपऱ्यातल्या माझ्या पट्टीवर बोट ठेवलं. "ये इसलिए है," ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. सगळ्यांवर मिळून कितीही भार चढला तरी बिघडत नाही. हजारो व्होल्ट चढू देत. सगळे बरोबर चढतात, बरोबर उतरतात, कुणाला काही होत नाही. बिघडतं ते एक तुकडा वेगळा राहिला की. त्याच्यावर त्याचा एकट्याचा भार साठत जातो. शेजारी वेगळा, तो वेगळा. आणि एक वेळ अशी येते की मध्ये ठिणगी पडते. तेवढ्यानं अख्खा उपग्रह वेडा होतो, नाही तर मुका होतो.

मी तिथं उभी होते आणि माझे कान गरम झाले. बोलत होते ते कागदाबद्दल. इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्यातच काही तरी आहे म्हणून मला वेगळं बसवतात. शाळेत पंगतीबाहेर, पाट न देता बसवलं, तेव्हाही तेच वाटलं होतं. हे गृहस्थ सांगत होते की तुकड्यात काही नसतं. तो वेगळा ठेवलाय, एवढंच असतं. मला तिथंच रडू आलं असतं, पण मी दात आवळले.

मग साहेबांची नजर खिडकीकडे गेली. हूक दिसला.

"ये हूक किसका है?"

"मेरा," मी म्हणाले.

त्यांनी पिशवीतून मीटर काढला. एक टोक गजाला, एक पट्टीला. काटा हलला नाही. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता निकाल लागला.

"इधर किसने लगाया?"

सुमतीबाई पुढं झाल्या. डोळ्याचं पातं लवलं नाही त्यांचं. "इसनेच लगाया, साहेब. खिडकी के पास उजेड अच्छा आता है बोलती थी. मैं कितनी बार बोली, पट्टी पे लगा."

मी म्हटलं, "खोटं आहे हे."

मालकांनी हात वर करून मला गप्प केलं. शिकलेला माणूस. पहिल्या दिवशी मला म्हणाला होता, आपल्या कंपनीत जातपात नाही. ते शकूकडे वळले. "तू हिच्या शेजारी बसतेस. सांग, खिडकीला तार कुणी लावली?"

मला भीती वाटली नाही, खरं सांगते. उलट जिवात जीव आला. शकू होती ना. शकूनं चिमटा पाहिला होता. तिला फक्त दोन शब्द म्हणायचे होते, बाईंनी लावली. तेवढ्यावर माझी नोकरी होती. नोकरीचंही सोडा. ते दोन शब्द माझ्या बाजूनं कुणी तरी एकदा म्हणावेत, यासाठी मी जन्मभर थांबले होते असं मला त्या क्षणी वाटलं.

शकू आपल्या मनगटावरचा पट्टा फिरवत राहिली. मग म्हणाली, "तिनंच."

साहेबांना कळलं. मी पैजेवर सांगते, त्यांना कळलं. त्यांनी हुकाकडे बघितलं, माझ्या तारेची लांबी बघितली, बाकीच्या बायकांच्या आखूड तारा बघितल्या. जो माणूस न दिसणारे कण ओळखतो, त्याला हे ओळखता येत नाही होय? पण त्यांनी मीटर पिशवीत घातला. मला म्हणाले, "आगे से पट्टी पे लगाना." आणि मालकांबरोबर चहाला गेले. खिडकीला जमीन नाही हे सांगायला यंत्र होतं. मी खिडकीला का, हे विचारायला कुठलं यंत्र लागत नव्हतं.

संध्याकाळी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. सुमतीबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना ते 'तुम्ही' म्हणत, मला 'तू'.

"हे बघ, तुझ्या हाताला गुण आहे. मला तुला काढायचं नाही. उद्या सकाळी सगळ्यांसमोर बाईंना हात जोड. म्हण, माझ्या अडाणीपणामुळं झालं, मीच तार तिथं लावली. विषय संपला."

घरी आले. वडिलांना सांगितलं. वडील पिंपरीला एका कारखान्यात झाडूकाम करून करून शेवटी मशिनवर गेलेले माणूस. रात्रशाळेत शिकले होते, विहाराच्या कमिटीवर होते, सभेत बोलायला उभे राहिले की गल्ली ऐकायची. मला वाटलं, ते पेटतील. ते बराच वेळ चपलेचा अंगठा नीट करत बसले. मग म्हणाले, "हात जोड, बाळा. हात जोडल्यानं हात झिजत नाहीत. मी काय कमी जोडलेत?"

त्यांच्याकडे बघवेना मला. ते रागावले असते, मारलं असतं, तर बरं वाटलं असतं. सभेतला माणूस आणि घरातला माणूस यांच्यामध्ये केवढं काय गिळलेलं होतं, ते मला त्या दिवशी कळलं. मी उठून ताट वाढलं.

सकाळी गेले. ॲप्रन घातला, टोपी घातली, मनगटाला पट्टा बांधला. सगळ्या बायका उभ्या होत्या. बाई टेबलाच्या टोकाला, मालक दाराशी. शकू भिंतीकडे तोंड करून. मी माझ्या जागेवर बसले, माझी तार घेतली आणि तांब्याच्या पट्टीवर लावली, बाईंच्या तारेला लागून.

मालक म्हणाले, "आधी माफी."

मी म्हणाले, "तार मी लावली नव्हती. बाईंनी लावली, चिमट्यानं. या सगळ्यांनी पाहिलंय. मी माफी मागणार नाही."

आवाज कापला माझा. पण शब्द सगळे बाहेर पडले.

बाईंनी आपली तार पट्टीवरून काढून घेतली. त्यांच्या पाठोपाठ दुसरीनं काढली. मग तिसरीनं. एकेक तार सुटत गेली, आणि पट्टीवर माझी एकटीची तार राहिली. शकूची सगळ्यात शेवटी निघाली, पण निघाली. कालच साहेबांनी सगळं उलगडून सांगितलं होतं त्यांना. मिठाच्या खड्ड्यापासून सूर्यापर्यंत. आणि आज त्या खोलीत माझ्याशिवाय जमिनीला कुणीच जोडलेलं नव्हतं. मला शरमायला हवं होतं म्हणे. मला त्यांची कीव आली, आणि त्या किवेखाली इतकं दुखलं की मला टेबल धरावं लागलं.

"ऊठ," मालक म्हणाले.

माझ्यापुढं कालचा अर्धा कोपरा पडला होता. मी तो पुरा केला. पट्टी सगळ्या थरांतून फिरवली, रिव्हेट ठोकला, तपासला. अर्धवट काम मला आवडत नाही. मग उठले, ॲप्रन काढून घडी घातली आणि बाहेर पडले.

वडील पुढं बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आई म्हणायची, आगीतून फुफाट्यात पडलीस, पोरी. मी काळेवाडीत एका शिवणकामाच्या दुकानात जायला लागले.

एका रविवारी शकू दापोडीला आली. गल्ली विचारत विचारत आली. फडक्यात हुरडा बांधून आणला होता. आमच्या ओट्यावर बसली आणि रडायला लागली.

"बाई मला म्हनल्या हुत्या," ती हुंदके देत सांगू लागली, "तू कुणाच्या डब्यात खातीस ते तुज्या घरी येऊन सांगीन. माजं लगीन जुळत आलंया गं. आमच्या आबानं मला जित्ती ठिवली नसती. मला माफ कर. तुज्या पाया पडते."

आणि ती खरंच वाकली. मी पाय मागं घेतले.

आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं. ती घटाघटा प्याली, आमच्या तांब्यातून, तोंड लावून. मला वाटलं, हिला पोटाशी धरावं. खरंच वाटलं. माझंही कुणी दुसरं नव्हतं.

मी म्हणाले, "शकू, इथं तुला कोण बघतंय? इथं माझ्या दारात तू पाया पडशील, माझं पाणी पिशील, आणि उद्या तिथं जाऊन बाईंच्या शेजारी बसशील. जिथं खोटं बोललीस तिथं जा. मालकांसमोर, बाईंसमोर, सगळ्या बायकांसमोर म्हण, तार बाईंनी लावली. मग ये. मग आपण जेवू."

"ते न्हाई हुनार माज्यानं," ती म्हणाली.

"मग हा हुरडा घेऊन जा."

ती गेली. गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी तिच्याकडे बघत उभी होते. मग आत आले आणि आईच्या मांडीत डोकं खुपसून जी रडले, ती दिवेलागणीपर्यंत. नोकरी गेली तेव्हा रडले नव्हते.

शकूचं लग्न झालं. तिनं ते दोन शब्द म्हटले नाहीत. मला लोक सांगतात, किती वर्षं झाली, सोड आता, ती पोरगी होती, तिचा नाइलाज होता. नाइलाज मला कळतो. मी त्यातच वाढले. पण तिचा नाइलाज मी माझ्या अंगावर का वागवू? बंद दारामागची माया मला नको. चोरून केलेली बरोबरी नको. ज्याला माझ्याशी जोडून घ्यायचं असेल त्यानं भरल्या खोलीत, चार लोकांच्या डोळ्यांदेखत जोडून घ्यावं. तेवढी हिंमत नसेल तर माझ्या ओट्यावर चढू नये. मी एकटी जेवेन.